पुण्यात झाडीतल्या उपनगरात मुक्काम कसा ठरवावा : क्रम, तपासण्या आणि नेहमीच्या चुका

चार-सहा दिवसांच्या कामासाठी पुण्यात येणारी बरीच मंडळी हल्ली स्टेशनजवळच्या किंवा स्वारगेटच्या लॉजवर उतरण्याऐवजी कोरेगाव पार्क, कल्याणीनगर, औंध, पाषाण, एरंडवणे अशा झाडीच्या भागात खोली किंवा फ्लॅट घेतात. या निवडीत काही गैर नाही, मात्र ती ज्या क्रमाने केली जाते तो क्रम हमखास उलटा असतो. आधी खिडकीबाहेरच्या वडाच्या पारंब्यांचे छायाचित्र पाहून पैसे भरले जातात, मग काम नेमके कुठे आहे ते नकाशात शोधले जाते, आणि पहिल्याच सकाळी रिक्षात बसल्यावर लक्षात येते की रोज जाऊन-येऊन दोन-अडीच तास रस्त्यावरच जाणार आहेत. आरक्षण करून झाल्यावर "इथून दवाखाना किती लांब पडेल?" असे विचारणारे फोन आमच्या घरी इतक्यांदा येऊन गेले आहेत, की पुढील टप्पे एकदा नीट लिहून ठेवणे मला सोयीचे वाटले. टप्प्यांचा क्रम बदलू नये.

टप्पा १ : कामाची जागा आणि वेळ कागदावर मांडणे

"पुण्यात काम आहे" एवढ्यावर जागा शोधायला बसू नये. ज्या ज्या ठिकाणी जायचे आहे त्याचा पूर्ण पत्ता, पोहोचण्याची वेळ आणि सोबत कोण असेल हे लिहून काढावे. मुलाखतीच्या पत्रावर "पुणे" असले तरी कारखाना चाकणला, रांजणगावला किंवा तळेगावला असू शकतो. मोठ्या रुग्णालयांच्या शहरात एकाहून अधिक शाखा असतात, आणि डॉक्टर सोमवारी एका शाखेत तर बुधवारी दुसऱ्या शाखेत बसतात. लग्नाच्या पत्रिकेत "डी. पी. रोड" एवढेच छापलेले असेल, तर तो म्हात्रे पुलापासून राजाराम पुलाकडे जाणारा लॉन्सचा रस्ता आहे की औंधमधला त्याच नावाचा रस्ता, हे यजमानांनाच विचारावे.

यादी झाली की त्यातील एक काम मुख्य ठरवावे. जे काम रोज करायचे आहे, ज्याची वेळ सकाळची आहे किंवा ज्यात वयस्कर माणसाला न्यायचे आहे, ते मुख्य. एकदाच करायची सारसबाग, शनिवारवाडा किंवा तुळशीबागेतील खरेदी या हिशेबात धरू नये.

तपासणी : मुख्य कामाच्या जागेचा पिनकोड आणि जवळचा चौक सांगता येत नसेल, तर पुढच्या टप्प्याकडे जाऊ नये.

टप्पा २ : अंतर न मोजता अडथळे मोजणे

परगावच्या माणसाची सर्वांत मोठी चूक येथे होते. पुण्यात सहा किलोमीटर हे अंतर पंधरा मिनिटांचेही असते आणि पाऊण तासाचेही असते. मध्ये नदी, टेकडी किंवा रेल्वेमार्ग येतो की नाही, यावर ते ठरते. नदी ओलांडायची म्हणजे ठरावीक पुलांवरूनच जायचे, आणि सकाळी नऊ ते अकरा व संध्याकाळी साडेपाच ते साडेआठ या वेळांत अर्धे शहर त्याच पुलांवर असते. टेकडीची गोष्ट याहून फसवी आहे. नकाशात कोथरूड आणि पाषाण एकमेकांना खेटून दिसतात, परंतु मध्ये वेताळ टेकडी उभी असल्यामुळे एक तर चांदणी चौक–बावधनमार्गे किंवा सेनापती बापट रस्त्याने वळसा घ्यावा लागतो. कोरेगाव पार्कमधून घोरपडीकडे किंवा कॅम्पच्या पूर्वेकडे जाताना नदी लागत नाही, पण रेल्वेमार्ग लागतो.

म्हणून जागा शोधताना कामाच्या ठिकाणी उभे आहोत अशी कल्पना करावी आणि एकही मोठा पूल किंवा टेकडी न ओलांडता पोहोचता येईल अशी झाडी कुठे आहे, ते पाहावे. ढोबळमानाने पुढीलप्रमाणे जुळणी होते.

खराडी, विमाननगर किंवा विमानतळाच्या बाजूला काम असल्यास कल्याणीनगर पाहावे. हे सर्व भाग मुळा-मुठेच्या एकाच, म्हणजे उत्तर काठावर आहेत. पुणे स्टेशन, ससून रुग्णालय, बंडगार्डन रस्ता किंवा कॅम्प येथे काम असल्यास कोरेगाव पार्क किंवा बोट क्लब रस्ता योग्य. डेक्कन, कर्वे रस्ता, फर्ग्युसन रस्ता, विधी महाविद्यालय रस्ता, एरंडवण्यातील रुग्णालये किंवा म्हात्रे पुलाजवळची मंगल कार्यालये असल्यास प्रभात रस्ता, भांडारकर रस्ता आणि त्यांच्यामधल्या गल्ल्या पाहाव्यात. (हा भाग आता उपनगर राहिलेला नाही हे मान्य आहे, पण झाडी, बंगले आणि दुपारची शांतता यांच्या बाबतीत तो कित्येक उपनगरांच्या पुढे आहे, आणि माझे मत विचाराल तर वयस्कर माणसांबरोबर येणाऱ्यांनी पहिली पसंती यालाच द्यावी.) विद्यापीठ, राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर किंवा हिंजवडी असल्यास औंध, पाषाण, बाणेर. स्वारगेट, मार्केट यार्ड, मुकुंदनगर किंवा बिबवेवाडी असल्यास सहकारनगर आणि सॅलिसबरी पार्क.

दोन कामे शहराच्या दोन टोकांना असतील, तर मधली जागा घेण्याचा मोह टाळावा. मधल्या जागेवरून दोन्हीकडे जाताना वाहतूक सारखीच लागते. मुख्य कामाच्या जवळ राहावे आणि दुसऱ्या कामासाठी दुपारी बारा ते चार ही वेळ ठेवावी.

इशारा : रात्री अकरा वाजता घरी बसून नकाशात पाहिलेला प्रवासाचा वेळ निरुपयोगी असतो. नकाशात निघण्याची वेळ कामाच्या दिवशी सकाळी साडेनऊची देऊन पाहावे, आणि परतीसाठी संध्याकाळी साडेसहाची वेळ देऊन उलट्या दिशेने पुन्हा पाहावे. मला तरी जाताना पस्तीस आणि येताना सत्तर मिनिटे दाखवणारे मार्ग नेहमीच सापडतात.

टप्पा ३ : तारखा पडताळणे

हा टप्पा छोटा आहे, पण विसरल्यास महाग पडतो. गणेशोत्सवाचे दहा दिवस, आणि त्यातही अनंत चतुर्दशी व तिचा दुसरा दिवस, या काळात लक्ष्मी, टिळक, केळकर आणि कुमठेकर हे रस्ते वाहनांना बऱ्याचदा बंद असतात, आणि त्याचा ताण डेक्कनपर्यंत जाणवतो. ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराज आणि तुकाराम महाराज यांच्या पालख्या शहरात येतात, तेव्हा वाकडेवाडी, फर्ग्युसन रस्ता व लक्ष्मी रस्ता आणि पालख्या पुण्यातून निघण्याच्या दिवशी हडपसरकडचा सोलापूर रस्ता बंद असतो. वारीला येणाऱ्यांना हे सांगायची गरज नाही. रुग्णालयाची वेळ घेतलेल्यांना मात्र आहे. लग्नाच्या दाट मुहूर्तांत म्हात्रे पूल–राजाराम पूल रस्ता संध्याकाळी सातनंतर जवळपास थांबलेला असतो.

गुरुवार हा पुण्यातील पाणीपुरवठ्याच्या देखभालीचा नेहमीचा वार आहे. दर गुरुवारी पाणी बंद असते असे नाही, परंतु जेव्हा बंद असते तेव्हा बहुधा गुरुवारीच असते, आणि शुक्रवारी सकाळी ते उशिरा व कमी दाबाने येते. मुक्कामात गुरुवार येत असेल, तर इमारतीला साठवणीची टाकी आहे का, हे पाचव्या टप्प्यातील प्रश्नांत घालावे.

टप्पा ४ : भाग ठरल्यावर गल्ली निवडणे

"कोरेगाव पार्क" किंवा "औंध" हे नाव पाहून जागा घेणे म्हणजे गावाचे नाव पाहून स्थळ पसंत करण्यासारखे आहे. एकाच भागात दोनशे मीटरवर सगळे बदलते. कोरेगाव पार्कच्या क्रमांकाच्या गल्ल्या आतून शांत आणि गर्द आहेत, पण नॉर्थ मेन रोडला लागून असलेल्या इमारतींत शुक्रवार-शनिवारी हॉटेलांचा आणि परतणाऱ्या गाड्यांचा गोंगाट मध्यरात्रीनंतरही चालतो. औंधमध्ये सिंध सोसायटीच्या आतले रस्ते आणि मुख्य औंध रस्ता यांत फार फरक आहे. बाणेरला टेकडीच्या पायथ्याशी हिरवे आहे. बाणेर रस्त्यावर नाही.

गल्ली तपासताना नकाशातील उपग्रहचित्र उघडून पुढील गोष्टी पाहाव्यात.

पहिली, नदी किंवा नाला किती जवळ आहे. मुळा-मुठेत हिवाळ्याच्या शेवटापासून जलपर्णी साचते आणि त्याबरोबर डास येतात; कल्याणीनगर, कोरेगाव पार्क व मुंढव्याच्या काठावरील इमारतींत संध्याकाळी सहाला खिडक्या लावून घ्याव्या लागतात. "नदीचे दृश्य" ही ओळ जाहिरातीत वाचली की जाळ्यांविषयी विचारावे. पावसाळ्यात सखल काठ टाळावाच. २५ जुलै २०२४ रोजी खडकवासला धरणातून पाणी सोडल्यानंतर सिंहगड रस्त्यावरील एकतानगरीत घरांच्या खालच्या मजल्यांत पाणी शिरले होते.

दुसरी, विमाने. लोहगाव हा हवाई दलाचाही तळ असल्याने कल्याणीनगर आणि विमाननगरात लढाऊ विमानांचा आवाज अधूनमधून खिडकीची तावदाने हलवतो. लहान बाळ किंवा नुकतीच शस्त्रक्रिया झालेला माणूस बरोबर असल्यास हे लक्षात घ्यावे.

तिसरी, थंडी. झाडी दाट म्हणजे गारवा जास्त, असे गृहीत धरून लोक चुकीचे कपडे आणतात. हवामान खात्याच्या हिवाळी नोंदींत पाषाण आणि एनडीए (राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी) या पश्चिमेकडील भागांचे किमान तापमान कोरेगाव पार्क आणि मगरपट्ट्यापेक्षा बऱ्याचदा काही अंशांनी कमी असते. डिसेंबर-जानेवारीत पाषाणला उतरणाऱ्यांनी स्वेटरबरोबर मफलरही आणावा, आणि गीझर चालतो ना, हे विचारावे.

चौथी, रस्त्यावरचा उजेड. दिव्यांवर फांद्या आल्यामुळे गर्द गल्ल्या रात्री साडेनऊनंतर अंधाऱ्या होतात, भटकी कुत्री तिथेच बसतात, आणि कोपऱ्यावर किराणा दुकान असेलच असे नाही. रात्री उशिरा एकटे परतायचे असल्यास मुख्य रस्त्यापासून दोन-तीन मिनिटांत पोहोचता येईल अशीच जागा घ्यावी.

तपासणी : जागेपासून औषधाचे दुकान, साधी खानावळ आणि रिक्षा मिळण्याचा चौक, या तिन्ही गोष्टी चालत दहा मिनिटांच्या आत आहेत का? तीनपैकी दोन नसतील, तर दुसरी गल्ली पाहावी.

टप्पा ५ : मालकाशी किंवा व्यवस्थापकाशी फोनवर बोलणे

ॲपवरच्या संदेशांवर विसंबू नये. एकदा फोन करावा. झाडीच्या भागांत हॉटेले कमी आणि सोसायटीतील फ्लॅट किंवा बंगल्यातील खोल्या जास्त असतात, आणि सोसायटीत मालकाच्या शब्दाइतकाच सोसायटीच्या ठरावालाही अर्थ असतो. काही सोसायट्यांनी अल्पमुदतीच्या पाहुण्यांना बंदी केलेली असते, आणि मालकाने ही गोष्ट सांगितलेली नसते. आमच्या एका नातेवाइकांना रात्री दहा वाजता सामानासह फाटकाबाहेर उभे राहावे लागले होते. वॉचमन सौजन्याने बोलत होता. मालकाचा फोन मात्र लागत नव्हता.

पुढील प्रश्न याच क्रमाने विचारावेत. सोसायटीची पाहुण्यांना परवानगी आहे का, आणि फाटकावरील ॲपमध्ये आमची नावे कोण नोंदवणार? मजला कोणता, आणि लिफ्टला बॅकअप आहे का? (वादळात फांदी तारेवर पडली की वीज जाते. वळवाच्या दिवसांत, म्हणजे एप्रिल-मे महिन्यांत, हे नित्याचे आहे.) पाणी चोवीस तास आहे की वेळेवर, आणि टँकरवर अवलंबून आहे का? खिडक्यांना जाळ्या आहेत का? स्वयंपाकघर वापरता येईल का, आणि मांसाहाराला हरकत आहे का? गाडी लावायची जागा झाकलेली आहे की झाडाखाली? रात्री किती वाजेपर्यंत आत घेतात?

उत्तरे ऐकताना एक खूण लक्षात ठेवावी. ज्याला जागा माहीत आहे तो "सकाळी सहा ते आठ पाणी, मग टाकीचे" असे सांगतो. "काही प्रॉब्लेम येणार नाही" एवढेच उत्तर प्रत्येक प्रश्नाला येत असेल, तर बोलणारा दलाल आहे असे समजावे.

टप्पा ६ : पैसे आणि ओळखपत्रे

खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंत असल्यास हॉटेलवर ५ टक्के आणि त्यापुढे १८ टक्के वस्तू व सेवा कर लागतो. सांगितलेला दर करासह आहे की वगळून, हे लिहून घ्यावे. फ्लॅटसाठी अनामत रक्कम मागत असल्यास ती परत कधी व कशी मिळणार, हेही संदेशात लिहून घ्यावे. जागा न पाहता संपूर्ण मुक्कामाचे पैसे अनोळखी क्यूआर कोडवर पाठवू नयेत. एका रात्रीचे आगाऊ आणि उरलेले आत गेल्यावर, हा व्यवहार बहुतेक खरे मालक मान्य करतात.

प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे पत्ता असलेले ओळखपत्र हवे. पॅन कार्डावर पत्ता नसल्याने ते चालत नाही, आणि दर दुसऱ्या कुटुंबात एक जण तेवढेच घेऊन येतो. आधारची प्रत द्यायची झाल्यास पहिले आठ अंक झाकलेली प्रत डाउनलोड करून द्यावी. परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक बरोबर असतील, तर यजमानाला चोवीस तासांच्या आत त्यांची माहिती सरकारकडे ऑनलाइन नोंदवावी लागते (पूर्वीचा सी-फॉर्म). घरगुती जागांना बहुतेक वेळा याची कल्पना नसते, म्हणून अशा पाहुण्यांसाठी हॉटेल घेणे बरे.

टप्पा ७ : कुठे उतरायचे हे तिकीट काढतानाच ठरवणे

शेवटच्या थांब्यापर्यंत जायचे आणि मग रिक्षा शोधायची, ही सवय सोडावी. कोल्हापूर, सांगली, साताऱ्याकडून येणाऱ्या बहुतेक खासगी गाड्या महामार्गाने नवले पूल, वारजे, चांदणी चौक अशा येतात. कोथरूड, बावधन, पाषाण, बाणेरला राहायचे असल्यास चांदणी चौकाच्या आसपास उतरावे, स्वारगेटला जाऊन परत फिरू नये. अहिल्यानगर, छत्रपती संभाजीनगरकडून येणाऱ्यांनी कल्याणीनगरसाठी नगर रस्त्यावरच उतरावे. मुंबईहून रस्त्याने येणाऱ्यांसाठी औंधमार्गे येणारी शिवनेरी आणि स्वारगेटला जाणारी शिवनेरी या वेगळ्या गाड्या आहेत. आरक्षण करताना मार्ग वाचावा. मेट्रोच्या कामामुळे शिवाजीनगर एसटी स्थानक वाकडेवाडीला हलवले गेले, त्यामुळे तिकिटावर शिवाजीनगर वाचून संचेती चौकाजवळ घ्यायला माणूस पाठवू नये. रेल्वेने येणाऱ्यांनी आपली गाडी शिवाजीनगरला थांबते का, हे पाहावे. डेक्कन आणि औंधसाठी तेच सोयीचे.

विमानतळावर ॲपच्या टॅक्सी दारात येत नाहीत. त्यासाठी समोरच्या एरोमॉल या वाहनतळात जावे लागते, आणि सामान व वयस्कर माणसे असल्यास तेवढी पंधरा-वीस मिनिटे धरावीत.

इशारा : महामार्गावर पहाटे चारला उतरणार असाल, तर घ्यायला येणाऱ्याचे नाव आणि गाडीचा क्रमांक आधीच हाती असावा. चांदणी चौकात उड्डाणपुलांची गुंतागुंत अशी आहे, की "चौकात उभा आहे" या वाक्यातून नेमके ठिकाण समजत नाही.

टप्पा ८ : पहिला अर्धा तास

सामान उघडण्यापूर्वी नळ, गीझर, पंखे, दाराची आतली कडी आणि मोबाइलची रेंज तपासावी. आधीच तुटलेल्या वस्तूंची छायाचित्रे काढून मालकाला पाठवावीत. गाडी पावसाळ्यात किंवा वळवाच्या दिवसांत गुलमोहर किंवा मोठ्या पर्जन्यवृक्षाखाली लावू नये; भर पावसाशिवायही फांद्या तुटतात. उरलेल्या महिन्यांत पक्ष्यांमुळे काचा रोज धुवाव्या लागतील, एवढाच त्रास.

टप्पा ९ : रोजची ये-जा

मेट्रोचा उपयोग जागेच्या भागावर अवलंबून आहे. वनाज ते रामवाडी हा मार्ग नळ स्टॉप, गरवारे महाविद्यालय, डेक्कन, पुणे स्टेशन, बंडगार्डन, कल्याणीनगर असा जातो, म्हणून एरंडवणे आणि प्रभात रस्ता येथे राहणाऱ्यांना तो चालत गाठता येतो. पेठांत जायचे असल्यास जिल्हा न्यायालय स्थानकावर बदलून स्वारगेटकडच्या भुयारी मार्गाने कसबा पेठ किंवा मंडईला उतरावे. पेठांत स्वतःची गाडी नेऊ नये. तारीख सम की विषम यावर रस्त्याची कोणती बाजू चालते हे ठरते, आणि परगावची गाडी उचलली जाण्याचे प्रकार रोज घडतात.

कल्याणीनगर स्थानक तिथल्या काही गल्ल्यांतून एक किलोमीटरहून लांब पडू शकते. बंडगार्डन स्थानक कोरेगाव पार्कच्या पश्चिम टोकाला जवळ आणि सातव्या गल्लीला लांब आहे. स्थानकाच्या नावावरून अंतर ठरवू नये. औंध, बाणेर, पाषाणला राहताना मेट्रो गृहीत धरू नये. शिवाजीनगर–हिंजवडी मार्गावर त्या दिवशी कोणती स्थानके सुरू आहेत, हे निघण्याच्या आठवड्यात पाहावे आणि नसल्यास पीएमपीच्या बसचा मार्ग शोधावा.

रिक्षावाल्याने "हाफ रिटर्न" मागितले, तर त्याचा अर्थ मीटरच्या दीडपट असा आहे. गर्द गल्लीतून रिकामे परतावे लागते हे त्याचे म्हणणे काही अंशी खरेही असते. वाद न घालता मुख्य रस्त्यावर चालत जावे आणि तिथून मीटरने बसावे, किंवा ॲपवरून बोलवावी. ॲपवरून बोलावताना इमारतीचे नाव न देता गल्लीच्या तोंडाची खूण द्यावी; झाडांमुळे पाट्या दिसत नाहीत आणि चालक दोनदा वळसा घालून फेरी रद्द करतात.

टेकडीवर फिरायला जायचे असल्यास सकाळी जावे, उजाडल्यावर. तळजाई, बाणेर किंवा वेताळ टेकडीवर अंधार पडल्यानंतर थांबू नये, आणि अंगावर दागिने घालून एकट्याने जाऊ नये.

टप्पा १० : निघण्याचा दिवस

खोली सोडण्याची वेळ सकाळी दहा-अकराची आणि गाडी रात्रीची, अशी गाठ बहुतेकांची पडते. फ्लॅटमध्ये सामान ठेवायला कार्यालय नसते, म्हणून आदल्या दिवशीच अर्ध्या दिवसाचे जादा पैसे देऊन जागा ठेवता येईल का, हे विचारावे. नाही म्हटल्यास पुणे स्टेशनवरील सामानघरात सामान ठेवावे, मात्र तिथे बॅगेला कुलूप आणि प्रवासाचे तिकीट लागते. अनामत रक्कम दारातच खात्यावर जमा झाल्याचे पाहून मगच किल्ली द्यावी. संध्याकाळी साडेपाच ते साडेआठच्या दरम्यानची रेल्वे किंवा विमान असेल, तर नकाशात दिसणाऱ्या वेळेच्या दीडपट वेळ हाती ठेवून निघावे, आणि वाटेत पूल ओलांडायचा असेल तर त्यात आणखी वीस मिनिटे मिळवावीत.